अक्कांचे पैसे, अक्कांची झोप

सांगलीतल्या एका घरात दीर-भावजयीमध्ये झालेलं बोलणं पुढे दिलं आहे. दीर नागरी सहकारी बँकेतून शाखाधिकारी म्हणून निवृत्त झालेले. भावजय सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात समाजसेवा अधीक्षक होत्या. बोलणं चाललं होतं अक्कांबद्दल, म्हणजे दिरांच्या थोरल्या बहिणीबद्दल. सरकारी दवाखान्यातल्या निवृत्त परिचारिका, यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली, एकट्या राहणाऱ्या, सगळे व्यवहार स्वतः बघणाऱ्या. मी शेजारी. तक्रारीचे अर्ज टाइप करायला मला बोलावलं होतं, म्हणून हे ऐकायला मिळालं. अक्कांसह तिघांच्या परवानगीनं छापतो आहे. ती दोघं एकमेकांना ज्या हाका मारतात त्याच इथे ठेवल्या आहेत.

घडलं ते असं. नोव्हेंबर म्हणजे पेन्शनरांच्या हयातीच्या दाखल्याचा महिना. अक्का बँकेत जाऊन यादीवर सही करून आल्या होत्या. एका शुक्रवारी संध्याकाळी फोन आला, "कोषागार कार्यालयातून बोलतोय. यादीत तुमची सही दिसत नाही, पुढच्या महिन्यापासून पेन्शन थांबेल." बोलणाऱ्याला त्यांचं पूर्ण नाव, निवृत्तीचं वर्ष आणि बँकेची शाखा माहीत होती. "व्हॉट्सअ‍ॅपवर फॉर्म पाठवतो, तेवढा भरा. ऑफिसचं काम आहे, मध्ये कोणाला घेऊ नका." फाइल उघडली तसं फोनमध्ये एक अ‍ॅप बसलं. फॉर्ममध्ये खाते क्रमांक, जन्मतारीख, आधार आणि पॅन भरून घेतलं गेलं. ओटीपी अक्कांनी कोणालाच सांगितला नाही. येणारे ओटीपी ते अ‍ॅपच परस्पर पुढे पाठवत होतं. रात्रीतून मुदत ठेव मोडली गेली, पैसे बचत खात्यात आले आणि तिथून चार अनोळखी खात्यांत गेले. ६ लाख ४० हजार रुपये. दुसऱ्या दिवशी महिन्यातला दुसरा शनिवार, मग रविवार. अक्का सोमवार दुपारपर्यंत कोणाशी काही बोलल्या नाहीत.

हे बोलणं झालं तेव्हा महिना उलटून गेला होता. बँकेचं पत्र आलं होतं आणि आणखी एक नवीनच प्रकरण सुरू झालं होतं.

भाऊजी : वहिनी, मला राहून राहून एकच वाटतं. अक्का दोन दिवस गप्प का बसली? शनिवारी सकाळी मला एक फोन केला असता तर चित्र वेगळं असतं. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार नोंदली की पैसे ज्या बँकेत गेले त्या बँकेला लगेच कळतं. खात्यात रक्कम शिल्लक असेल तर ती जागीच रोखतात. २०२१ पासून ही सोय आहे. पोलीस त्या पहिल्या तासांना गोल्डन अवर म्हणतात ते उगाच नाही. एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात, मग कुठल्यातरी गावच्या एटीएममधून रोख. इतकं झालं की संपलं.

वहिनी : दोन दिवस त्या काय करत होत्या, ते विचारलंत का कधी त्यांना?

भाऊजी : विचारायचं काय त्यात? घाबरली असणार.

वहिनी : घाबरल्या फोनवर बोलत होत्या तेव्हा. नंतर त्यांना लाज वाटली. शनिवारी पहाटे चार वाजता उठून त्यांनी देवघरातली भांडी घासली. मग जुनी पासबुकं काढून बसल्या आणि त्या ठेवीची पावती कोणत्या वर्षी केली ते शोधत राहिल्या. यजमानांच्या विम्याचे पैसे होते ना ते. रविवारी भाचीचा व्हिडिओ कॉल आला, तिच्याशी हसून बोलल्या. तुमचा नंबर त्यांनी दोनदा काढला आणि फोन खाली ठेवला. मला म्हणाल्या, "बँकेतल्या माणसाची बहीण ना मी. त्याला काय तोंड दाखवू?"

भाऊजी : मी काय खाणार होतो का तिला?

वहिनी : सोमवारी तुम्ही आलात तेव्हा तुमच्या तोंडून पहिलं वाक्य काय निघालं, आठवतं? "इतकी शिकलेली तू, फाइल उघडलीसच कशी?"

भाऊजी : ...हो. निघालं खरं.

वहिनी : तुमच्या जिवाला लागलं होतं म्हणून निघालं, हे मला कळतं. पण हे वाक्य आपल्याला ऐकावं लागणार, हे त्यांना शुक्रवारी रात्रीच माहीत होतं. म्हणून त्या गप्प बसल्या. तुम्ही ज्या तासांचा हिशेब मांडताय ना, ते या वाक्याच्या भीतीत गेले.

या ठिकाणी मला मध्ये बोलायचं आहे. असले फोन करणारा माणूस तीन गोष्टी करतो. भीती घालतो, घाई करतो आणि कोणाला सांगू नका म्हणतो. त्यातली तिसरी त्याच्या सगळ्यात कामाची. फोन ठेवल्यावर तो अक्कांना गप्प बसवायला येऊ शकत नव्हता. पुढचं ते काम घरच्या माणसांच्या धाकानं केलं. पैसे परत मिळवण्याची चर्चा आपल्याकडे नेहमी बँक आणि पोलीस इथून सुरू होते. ती घरातल्या पहिल्या वाक्यापासून सुरू व्हायला हवी, असं माझं ठाम मत आहे, आणि त्याचं कारण भावनिक जितकं आहे तितकंच व्यवहाराचं आहे.

भाऊजी : पण वहिनी, माणसानं सावध राहायला नको? रोज पेपरात येतं, बँक मेसेज पाठवते, फोन लावला तरी आधी सावधगिरीची टेप ऐकू येते. तरी लोक फसतात. चूक झाली तर चूक म्हणायचंच नाही, हे मला पटत नाही.

वहिनी : सावध राहायलाच हवं. पण फसलेली माणसं बावळट असतात हा समज आधी काढून टाका. वर्धमान समूहाचे अध्यक्ष एस. पी. ओसवाल, पद्मभूषण मिळालेले उद्योगपती. २०२४ साली त्यांना व्हिडिओ कॉलवर खोटं सर्वोच्च न्यायालय दाखवलं, खोटे सरन्यायाधीश उभे केले आणि ७ कोटी काढून घेतले. असं व्हिडिओ कॉलवरच अटकेत ठेवणं, म्हणजे डिजिटल अरेस्ट, आपल्या कायद्यात कुठेच नाही, हे पंतप्रधानांना त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये 'मन की बात'मधून सांगावं लागलं. आयुष्यभर करार वाचणाऱ्या माणसाला जे साधलं नाही ते अक्कांना साधायला हवं होतं?

भाऊजी : ओसवालांचे बरेच पैसे परतही मिळाले. सव्वापाच कोटींच्या आसपास.

वहिनी : का मिळाले? ते पोलिसांकडे गेले आणि पुढे उघडपणे बोलले. त्यांच्या वयाचा, त्यांच्या नावाचा माणूस झाकून ठेवू शकला असता.

भाऊजी थोडा वेळ गप्प होते. मग त्यांनी बँकेचं पत्र पुढे सरकवलं. त्यात लिहिलं होतं, "सदर व्यवहार ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे झाला असल्याने बँक जबाबदार नाही."

भाऊजी : आता हे बघा. मी आयुष्यभर काउंटरच्या त्या बाजूला बसलो, म्हणून बँकेचं म्हणणं काय ते मला कळतं. रिझर्व्ह बँकेनं ६ जुलै २०१७ ला परिपत्रक काढलं. बँकेची चूक असेल तर ग्राहकाची जबाबदारी शून्य. बँकेचीही चूक नाही आणि ग्राहकाचीही नाही, तिसरीकडेच काही घडलं, आणि ग्राहकानं तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तरीही शून्य. चार ते सात दिवस लागले तर बचत खात्याला जास्तीत जास्त १० हजारांपर्यंत तोशीस. त्यानंतर ज्या त्या बँकेच्या धोरणाप्रमाणे. पण ग्राहकानं स्वतःच पासवर्ड, ओटीपी दिला असेल, तर कळवेपर्यंतचं सगळं नुकसान त्याचं. कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. बँक अक्काला या शेवटच्या खणात टाकते आहे.

वहिनी : आणि दिवस? शुक्रवार रात्र ते सोमवार दुपार म्हणजे तीन दिवस गेलेच की. तेच अक्का धरून बसल्यात. सारखं म्हणतात, मुदत माझ्यामुळे हुकली.

भाऊजी : छे, छे! कोणी सांगितलं? कामकाजाचे दिवस म्हणजे तिच्या शाखेचे कामकाजाचे दिवस. आणि मेसेज आला तो दिवस धरायचाच नाही. दुसरा शनिवार सुटी, रविवार सुटी. सोमवार हा पहिला दिवस. ती पूर्ण मुदतीत आहे.

वहिनी : हे तुम्ही त्यांना सांगितलंत?

भाऊजी : अर्जात लिहिलंय की.

वहिनी : भाऊजी, अर्ज बँक वाचणार. अक्कांना तोंडानं सांगा. महिनाभर रात्री त्या हाच हिशेब करताहेत.

भाऊजी : सांगतो. आजच सांगतो. आणि त्या निष्काळजीपणाच्या शब्दाबद्दलही सांगतो. कारण त्याच परिपत्रकात असंही म्हटलंय की ग्राहकाची चूक होती हे सिद्ध करायचं ते बँकेनं. नुसतं पत्रात लिहून भागत नाही. मुंबई उच्च न्यायालयानं जून २०२४ मध्ये एका आयुर्वेदिक औषध कंपनीच्या प्रकरणात बँकेला ७६ लाख ९० हजार परत द्यायला सांगितलं. बँकिंग लोकपालानं त्यांची तक्रार आधी फेटाळली होती, तरीसुद्धा. त्यात नवे लाभार्थी खात्याला जोडले गेले आणि ग्राहकाला पत्ताच नव्हता. मग जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं गुवाहाटी उच्च न्यायालयाचा निकाल कायम ठेवला. रक्कम लहान, ९४ हजारांची. पण प्रकार जवळजवळ अक्कासारखा. ग्राहक सेवेच्या नावानं फोन, एक अ‍ॅप टाकायला लावलं आणि पैसे गेले. त्या माणसानं चोवीस तासांत कळवलं होतं. बँकेला रक्कम द्यावी लागली.

वहिनी : म्हणजे तुम्हीही आता बँकेच्या विरुद्ध?

भाऊजी : विरुद्ध नाही हो. मला राग कशाचा येतो सांगू? आमच्या वेळी एखादी म्हातारी बाई मुदतीआधी ठेव मोडायला आली तर आम्ही तिला खुर्ची द्यायचो. "काकू, कशाला मोडताय? घरी काही अडचण आहे का? मुलगा मागतोय का?" असं विचारायचो. नियमात नव्हतं ते, पण विचारायचो. इथे एका सत्तरीच्या बाईची अकरा वर्षांची ठेव मध्यरात्री मोडली जाते, तिच्या खात्याला कधी नसलेले चार लाभार्थी पाठोपाठ जोडले जातात, तासाभरात खातं रिकामं होतं, आणि त्यांच्या यंत्रणेला त्यात काही वावगं दिसत नाही? आणि वर पत्र पाठवायचं की ग्राहक निष्काळजी!

भाऊजींचा आवाज इथे चढला होता. अक्कांच्या तक्रारीच्या दुसऱ्या मसुद्यात मी यावरूनच चार प्रश्न टाइप केले. ठेव कोणत्या वेळी मोडली, लाभार्थी किती मिनिटांच्या अंतरानं जोडले, त्यांच्या सूचना कोणत्या क्रमांकावर गेल्या आणि असा व्यवहार या खात्यात पूर्वी कधी झाला होता का. अशी तक्रार करताना "मी गरीब विधवा, मला न्याय द्या" लिहिण्यापेक्षा ही माहिती मागावी. ती बँकेकडेच असते आणि ती नसताना निष्काळजीपणा सिद्ध करणं बँकेला जड जातं. तक्रार लेखी द्यावी, पोच घ्यावी, १९३० वरून मिळालेला क्रमांक त्यात घालावा. बँकेनं नाकारलं किंवा ३० दिवसांत उत्तरच दिलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. त्याला शुल्क नाही, वकील लागत नाही. लोकपाल योजनेत प्रत्यक्ष नुकसानीखेरीज मनस्तापासाठी वेगळी भरपाई देण्याचीही तरतूद ठेवली आहे. मनस्ताप ही खरी हानी आहे हे सरकारी कागदालाही मान्य आहे, एवढं वाचूनच अक्कांना बरं वाटलं होतं.

मग निघाला तो दुसरा विषय.

वहिनी : त्या कर्जाच्या फोनचं काय झालं?

भाऊजी : ते मी जास्त मनावर घेतलं नव्हतं. ४८ हजारांचं कर्ज, कुठल्यातरी अ‍ॅपवरून, अक्काच्या पॅन-आधारवर. तिनं घेतलेलंच नाही, तर फेडायचा प्रश्न कुठे येतो?

वहिनी : अक्कांनी मात्र तेच सगळ्यात जास्त मनावर घेतलंय. सहा लाख गेले तेव्हा त्या रडल्या नव्हत्या. वसुलीवाला पोरगा फोनवर "आजी, घेताना गोड लागलं का?" म्हणाला, त्या दिवशी रडल्या. आयुष्यात वाण्याकडे उधारी ठेवली नाही त्यांनी. पैसे गेले ही एक गोष्ट. आपल्या नावानं कोणीतरी फिरतंय, आपल्या नावावर काहीही करतंय, उद्या आणखी काय पुढे येईल सांगता येत नाही, ही भीती वेगळी. दाराची बेल वाजली तरी दचकतात.

भाऊजी : मग त्यालाही उपाय आहेत, आणि ते पक्के आहेत. हे मी आधीच समजावून सांगायला हवं होतं. आपल्या देशात पतमाहिती ठेवणाऱ्या चार कंपन्या आहेत. ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. प्रत्येकीकडून वर्षाला एक पूर्ण अहवाल फुकट मिळतो. चारही काढायचे, कारण एकीकडे दिसतं ते दुसरीकडे दिसेलच असं नाही. आपलं नसलेलं कर्ज दिसलं की तिथेच हरकत नोंदवायची आणि कर्ज देणाऱ्या संस्थेलाही लेखी कळवायचं. ३० दिवसांत दुरुस्ती झाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. दुसऱ्याची ओळख वापरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६सी कलमाखाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद. पोलिसांकडच्या तक्रारीत हे कर्ज वेगळं नोंदवून घ्यायचं, ठेवीच्या तक्रारीत मिसळायचं नाही.

वहिनी : आणि ते फोन?

भाऊजी : वसुलीवाल्याला सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करता येत नाही. त्याच्याशी फोनवर वाद घालायचाच नाही. "जे आहे ते लेखी पाठवा, माझी तक्रार अमुक क्रमांकाची आहे", एवढं एकच वाक्य. तो कागद फोनजवळ चिकटवून ठेवू. आधारचे बायोमेट्रिक लॉक करून टाकू, म्हणजे बोटांच्या ठशांवर कोणी पैसे काढायला नको. संचार साथी या सरकारी पोर्टलवर तिच्या नावानं किती सिमकार्डं चालू आहेत तेही बघू. आणि तो जुना फोन साफ करायच्या आधी त्यातले मेसेज, तो नंबर, ती फाइल, सगळ्याचे फोटो काढून ठेवू. पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या फोनवरून.

वहिनी : हे ऐकताना मलाच हायसं वाटतंय. अक्कांसमोर बसून, त्यांच्याकडून एकेक करून घ्या हे. तुम्ही उरकून टाकू नका. कर्जावर हरकत नोंदवायचं बटण त्यांनी स्वतः दाबलं पाहिजे.

भाऊजी : का बरं? माझ्या हातून दहा मिनिटांत होईल.

वहिनी : रुग्णालयात मी किती बायका बघितल्या. ज्यांच्याबाबतीत काही वाईट घडलं, त्यांच्या हातून घरच्यांनी मायेनं सगळं काढून घेतलं, त्या जास्त खचल्या. अक्कांच्या नावानं दुसऱ्यानं सही केली, हेच तर त्यांचं दुखणं आहे. आता तुम्हीही त्यांच्या नावानं सगळं करू लागलात तर?

इथे भाऊजींच्या मनातलं बाहेर आलं. त्यांनी ठरवून टाकलं होतं की अक्कांचा स्मार्टफोन काढून घ्यायचा, साधा बटणांचा फोन द्यायचा, खातं भाच्याबरोबर संयुक्त करायचं आणि पेन्शन जमा झाली की भाच्यानं दर महिन्याला रोख आणून द्यायची.

भाऊजी : तिच्या भल्यासाठीच म्हणतोय. पुन्हा असं झालं तर उरलेलंही जाईल.

वहिनी : ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्यात कॉसमॉस बँकेवर सायबर हल्ला झाला होता, तो आठवतो?

भाऊजी : न आठवून कसं चालेल? सहकारी बँकांमध्ये हाहाकार उडाला होता. दोन दिवसांत ९४ कोटी. एटीएमच्या यंत्रणेत घुसून २८ देशांतून पैसे काढले, वर हाँगकाँगच्या खात्यात परस्पर पाठवले.

वहिनी : एवढी मोठी बँक, तिचे तज्ज्ञ, तिचे संगणक. तरी ती फसली. मग काय केलं? दुरुस्ती केली आणि बँक चालू राहिली. उद्यापासून तुम्ही बँकिंग करू नका, असं तिला कोणी म्हटलं नाही. गुन्हेगार शोधले, पुढे पुण्याच्या न्यायालयात शिक्षाही झाल्या. अक्का एकदा फसल्या, तर त्यांनी स्वतःच्या पेन्शनसाठी भाच्याची वाट बघायची? ज्या बाईनं रात्रपाळ्या करून दोन भावांची शिक्षणं केली तिनं?

भाऊजी : (थांबून) माझी फी तिनंच भरली होती.

वहिनी : मला माहीत आहे.

भाऊजी : पण काहीच करायचं नाही हेही मला मान्य नाही. कुंपण तर घालायला हवं.

वहिनी : घाला की. पण कुठे घालायचं ते त्यांना विचारून. ठेव ऑनलाइन मोडता येणार नाही, शाखेत जाऊनच मोडायची, असं बँकेला लिहून द्यायचं का, हे त्यांना विचारा. भाजी-दुधासाठी छोटं वेगळं खातं ठेवायचं का, यूपीआयची रोजची मर्यादा किती ठेवायची, विचारा. पैशाचा कुठलाही फोन आला तर आधी तुम्हाला फोन करायचा, हे त्यांनी स्वतःच मला सुचवलंय. पण तुमचा आवाज चढणार नाही याची खात्री त्यांना हवी आहे.

भाऊजी या वेळी लगेच हो म्हणाले नाहीत. संयुक्त खात्याचा आग्रह त्यांनी त्या दिवशी सोडला नाही, आणि खरं सांगायचं तर अजूनही पूर्ण सोडलेला नाही. त्यांची काळजी खोटी नाही. वय वाढतं, नजर कमी होते, फसवणारे रोज नवीन सोंग काढतात. पण माणसाच्या हातातले पैसे काढून घेऊन त्याला सुरक्षित करण्यात एक मोठा धोका आहे, आणि तो भाऊजींच्या हिशेबात आला नव्हता. फोन काढून घेतील या भीतीनं पुढच्या वेळी माणूस काही सांगणारच नाही. ओळखीतल्या दोन-तीन घरांत मी हे पाहिलं आहे.

वहिनी : आणखी एक. नातेवाइकांना सांगून ठेवा, अक्कांना घटनेबद्दल विचारू नका. जो येतो तो "झालं काय नेमकं?" म्हणून पहिल्यापासून ऐकायला बसतो. एकदा त्यांनी सगळं क्रमवार लिहून दिलंय, तक्रारीला जोडलंय, बस झालं. बँकेची कामं सकाळी अकरा ते बारा. संध्याकाळी सातनंतर त्या विषयावर घरात कोणी बोलायचं नाही.

भाऊजी : तिची झोप?

वहिनी : आता चार-पाच तास लागते. आधी दोनच लागायची. जेवण सुधारलंय. मी लक्ष ठेवून आहे. "माझंच जगणं नको झालंय" असं काही त्या बोलल्या असत्या तर एक दिवसही थांबले नसते, डॉक्टरांकडेच नेलं असतं. घरात कोणी नसेल तर टेली-मानसचा १४४१६ क्रमांक आहे, मोफत आहे, मराठीतही बोलतात. पैसे गेल्यावर मानसोपचाराची मदत घेणं लोकांना जड जातं. त्यांना वाटतं, हा तर व्यवहाराचा मामला. पण छातीत धडधडतं ते धडधडतंच.

त्या चार खात्यांपैकी एक खातं कॉलेजात शिकणाऱ्या मुलाचं निघालं. काही हजार रुपयांसाठी त्यानं आपलं खातं, एटीएम कार्ड आणि सिमकार्ड कोणाला तरी वापरायला दिलं होतं. पोलीस त्याच्या घरी गेले तेव्हा आईवडिलांना पहिल्यांदा कळलं. भाऊजींना त्याची दया येत नाही, वहिनींना थोडी येते. माझं मत भाऊजींच्या बाजूनं आहे. खातं भाड्यानं देणारा नसेल तर चोरलेल्या पैशाला उतरायला जागाच उरत नाही.

पुढे काय झालं तेही सांगतो. दोन खात्यांत मिळून ८५ हजार रुपये रोखले गेले आहेत. ते अक्कांना मिळण्यासाठी न्यायालयात अर्ज केला आहे. बँकेच्या नकारावर लोकपालाकडे तक्रार गेली आहे. निकाल यायचा आहे आणि तो काय येईल हे आज कोणीच सांगू शकत नाही. कर्जाची नोंद चारपैकी दोन अहवालांत होती, दोन्हीकडून काढली गेली. हरकतीचं बटण अक्कांनीच दाबलं.

मध्यंतरी त्यांना पुन्हा एक फोन आला. "सायबर विभागातून बोलतोय, तुमचे ६ लाख ४० हजार आम्ही परत मिळवलेत, फक्त प्रक्रिया शुल्क भरा." रक्कम अगदी बरोबर. एकदा फसलेल्या माणसांच्या याद्या या टोळ्यांमध्ये फिरतात, आणि बुडालेले पैसे परत येण्याच्या आशेवर माणूस दुसऱ्यांदा फसतो. अक्कांनी फोन ठेवला आणि त्याच मिनिटाला भाऊजींना लावला. भाऊजींनी शांतपणे विचारलं, "बरं केलंस. नंबर लिहून घेतलास का?"

वाचकांना एवढीच विनंती आहे. आज रात्री जेवताना घरातल्या थोरल्यांना आणि कॉलेजात जाणाऱ्या मुलांनाही सांगा, कधी फसलात तर पहिला फोन १९३० ला आणि दुसरा आम्हाला करा, आम्ही रागावणार नाही. आणि तो फोन खरंच आला, तर रागावू नका.